मासळीची पेटी : एका निनावी प्रतिक्रियेला उत्तर

साहेब (नाव दिलं नाहीत, म्हणून साहेब),

मासळीसाठी थर्माकोलऐवजी टिकाऊ, मोडीत निघाल्यावर पुन्हा वापरता येईल अशी नवी पेटी सुचवणाऱ्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘एसीत बसून कोळ्यांना पर्यावरण शिकवू नका. नवी पेटीही प्लास्टिकचीच, वर थर्माकोलपेक्षा कितीतरी जड. टेम्पोचं जास्तीचं डिझेल धरलंत का?’

आधी चूक कबूल करतो. थर्माकोल म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असं माझ्या हातून गेलं, ते पॉलिस्टायरीन. दुरुस्त केलंय.

आता एसी. माझं बालपण कोकणातल्या हर्णै बंदरात गेलं. वडील तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख. लिलावाआधी बर्फ फोडायचं काम माझ्याकडे. बोटं बधिर झाली की चहाच्या पेल्यावर शेकायची. थर्माकोलच्या फुटक्या पेट्या वाळूतच पडायच्या. लाटांनी त्यांचे मणी सुटे व्हायचे आणि पुळणीवर साबुदाणा सांडल्यासारखा दिसायचा. जवळा वाळत घातला की त्यात ते हमखास. आई सुपात पाखडायची, सुटे मणी उडून जायचे. ओल्या जवळ्याला चिकटलेले मात्र एकेक करून नखाने काढावे लागायचे. हे तुम्ही केलंयत का कधी? आज माझ्या घरी पंखा आहे, तोही एकाच वेगाने फिरतो. एसी सापडला तर कळवा.

‘प्लास्टिकचीच’ म्हणे. हो, प्लास्टिकचीच. नाही असं मी कुठे म्हटलं? लेख न वाचता शेरा मारायचा असेल तर बोलणंच खुंटलं. मुद्दा पेटीच्या रचनेचा होता. पफच्या, म्हणजे आत पॉलियुरेथेनचा फेस भरलेल्या पेटीत बाहेरचं पॉलिथिन आणि तो फेस एकमेकांना घट्ट चिकटलेले. एक तडा गेला, आत पाणी शिरलं, की पेटी वास मारते. आणि पॉलियुरेथेन वितळवून पुन्हा ओतता येत नाही, म्हणून भंगारवालाही नाक मुरडतो. आतला गाभाही पॉलिथिनच्याच फेसाचा ठेवला तर अख्खी पेटी दळून पुन्हा वापरता येते. बिजागऱ्या स्क्रूच्या असल्या तर एका तुटक्या झाकणापायी पेटी टाकावी लागत नाही. मोडीत निघताना तिचं काय होणार, हे कागदावर रेघ मारतानाच ठरवायचं.

राहिलं डिझेल. पेटी किती फेऱ्या टिकते त्यावर ते अवलंबून. तपशिलाचा भाग आहे. त्यासाठी एवढं वसकन अंगावर यायचं कारण नव्हतं.

कधी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात आलात तर नमुन्याची पेटी दाखवतो. येताना एक माणूस बरोबर आणा, रिकामीसुद्धा एकट्याला उचलत नाही.