मागच्या चाकाचे सील हमखास पुन्हा कसे गळवावे

दसरा उलटला की कापूस घरात येऊ लागतो, जिनिंगच्या फाटकासमोर गाड्यांची रांग लागते, आणि नेमके त्याच दिवसांत ट्रकच्या मागच्या चाकाचे ऑईल सील, म्हणजे आतले तेल अडवणारी रबरी ओठाची चकती, गळायला लागते. हंगामात गाडी उभी ठेवणे कोणत्याही मालकाला परवडत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच हे काम झटपट कसे उरकावे आणि पुढच्या महिन्यात तेच काम पुन्हा करण्याची संधी कशी राखून ठेवावी, याविषयी आपल्याला चार गोष्टी सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पहिली गोष्ट अशी की तेल नेमके कुठून येते हे पाहण्याच्या फंदात पडू नये. चाकाच्या बाहेरच्या बाजूला, चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे एक्सल शाफ्टच्या, स्टडांभोवती (बोल्टांभोवती) तेल दिसत असेल, तर तिथले पॅकिंग फाटलेले किंवा स्टड ढिले झालेले असण्याचा संभव अधिक. आतल्या टायरच्या आतल्या अंगाला काळे ओघळ येऊन त्यावर रस्त्याची धूळ थापली गेली असेल, तर मात्र हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या फिरत्या भागाचे, सील गेलेले असते. हा फरक वाकून पाहिल्यास दोन मिनिटांत कळतो, आणि तो कळला तर कागदाच्या एका पॅकिंगवर काम भागून पूर्ण हब उघडण्याचा आनंद हुकतो. गाडी 8 वर्षांपेक्षा जुनी असेल, तर दरवर्षीच्या पासिंगच्या आदल्या दिवशी डिझेलच्या फडक्याने ते ओघळ पुसून घ्यावेत, म्हणजे आरटीओच्या साहेबांनाही वाकण्याचे कष्ट पडत नाहीत.

ब्रीदरकडे तर चुकूनही लक्ष देऊ नये. डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या एक्सलमधल्या गिअरच्या गोळ्याच्या, हाऊसिंगवर वरच्या अंगाला सुपारीएवढी एक टोपी असते. वणीहून कोळसा भरून निघालेली गाडी तासभर धावली की आतले तेल तापते, तेलावरची हवा फुगते आणि या टोपीतून बाहेर पडते. एवढेच त्या बिचारीचे काम. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात तिच्यावर लिंपली जाते, हिवाळ्यात वाळून दगड होते, आणि मग फुगलेली हवा बाहेर पडायला दुसरी वाट शोधते. ती वाट सीलच्या रबरी ओठाखालून जाते, कारण संपूर्ण हाऊसिंगमध्ये सर्वांत मऊ तोच असतो. ब्रीदर काढून रॉकेलमध्ये धुतला आणि फुंकून पाहिला, तर या कामाला पैसा लागत नाही, आणि ज्या कामाला पैसा लागत नाही त्यावर आपला विश्वास बसू नये हेच स्वाभाविक आहे. नव्या गाडीच्या दर्शनी भागाला लिंबू-मिरची बांधताना आपण जितके दक्ष असतो, तितकेच मागच्या या टोपीबाबत उदार असावे.

आता गाडी उचलण्याविषयी. पुढच्या चाकांना दगड लावणे, जॅकखाली जाड फळी ठेवणे आणि गाडी उचलल्यावर एक्सलखाली आधाराची लोखंडी घोडी सरकवणे, या सगळ्या भित्र्या माणसांच्या सवयी आहेत. वावराच्या बांधाला, ओलसर काळ्या जमिनीत उभा केलेला जॅक हळूहळू कसा खाली जातो, हे ट्रकखाली निजून पाहण्यासारखे दृश्य आहे. फक्त ते पुन्हा सांगायला माणूस उरेलच याची हमी नाही.

हब नटचा बरोबर मापाचा बॉक्स पाना बाजारात मिळतो, परंतु छिन्नी आणि हातोडा असताना त्याची गरज काय? आपल्या भागातील कोणत्याही जुन्या ट्रकचा हब नट पाहावा, त्याच्या कडांवर छिन्नीचे इतके घाव असतात की त्यावरून गाडीचा पूर्ण इतिहास वाचता येईल. घाव बसताना उडालेला लोखंडाचा कीस बेअरिंगमध्ये गेला तर जाऊ द्यावा.

सील बसवणे हा या कामाचा गाभा आहे, त्यामुळे तिथे विशेष निष्काळजीपणा हवा. जुने सील उपटल्यावर स्पिंडलच्या, म्हणजे हब ज्यावर फिरतो त्या एक्सलच्या टोकाच्या, ज्या भागावर त्याचा ओठ घासत असे, तिथे नख फिरवले की कित्येकदा बारीक खाच लागते. वर्षानुवर्षे एकाच जागी रबर आणि धूळ घासून पोलादही झिजते, आणि अशा खाचेवर जगातले सर्वांत महागडे सील बसवले तरी ते तेल अडवू शकत नाही. तिथे पातळ स्टीलची स्लीव्ह चढवावी लागते किंवा ओठ ज्यावर घासतो ती कडी बदलावी लागते. म्हणून नख फिरवूच नये. दुकानात जाताना जुने सील सोबत नेऊ नये, कारण त्याच्या तोंडावर माप छापलेले असते आणि दुकानदार ते वाचून बरोबर सील देण्याची भीती असते. नवे सील आणल्यावर स्प्रिंग असलेला ओठ तेलाच्या बाजूला करायचा असतो. आपण घाईत उलटा बसवला तरी बाहेरून तो तितकाच सुंदर दिसतो. सपाट ठोकणीने चारी बाजूंनी सारखे बसवण्याऐवजी हातोड्याने एका कडेवर घाव घालावा, म्हणजे दुसरी कड वर येते, मग तिच्यावर घालावा. या खेळात आतली बारीक स्प्रिंग निसटून ड्रममध्ये पडते आणि चालताना छान किणकिणते. ओठाला तेलाचे बोट लावू नये, कोरडा ओठ पहिल्याच काही फेऱ्यांत जळतो. शेवटी अवजड हब जॅकवर तोलून सरळ आत घेण्याऐवजी दोन पोरांच्या हातांवर झुलवत स्पिंडलवर टेकवावा, म्हणजे त्याचे सगळे वजन नव्या सीलवर येऊन काम पूर्ण होते.

ब्रेक लायनर, म्हणजे ड्रमवर घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, तेलाने भिजलेले असतील, तर ते बदलण्याचा विचार मनात आणणे हा निव्वळ उधळेपणा होय. ते पेट्रोलने धुवावेत, उन्हात वाळवावेत, हौस असेल तर काडी लावून जाळावेत. लायनरच्या पोटात शिरलेले तेल पृष्ठभागावरून गेले तरी आतच राहते आणि ब्रेक तापला की पुन्हा बाहेर येते, हे खरे. पण ब्रेक तापतो तो चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना, आणि तोपर्यंत मिस्त्रीचे पैसे चुकते झालेले असतात. एका बाजूचा ब्रेक धरतो, दुसरा घसरतो, गाडी एका अंगाला ओढते आणि ड्रममधून धूर निघतो. वर खच्चून भरलेला कापूस असेल, तर या धुराकडे गावातले लोकही आदराने पाहतात.

बेअरिंगच्या बाबतीत फार लिहिण्यासारखे नाही. हब फिरवत नट आवळायचा, मग ठरल्याप्रमाणे ढिला करायचा आणि डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे घड्याळ) लावून 0.025 ते 0.125 मिलिमीटर एवढाच आत-बाहेर खेळ उरला आहे ना हे पाहायचे, असा शहाण्यांचा नियम आहे. नट जास्त आवळला तर बेअरिंग जळते. ढिला राहिला तर हब डुलतो आणि डुलणाऱ्या हबला कोणतेही सील पुरे पडत नाही. बेअरिंगवरच्या भाराचे म्हणाल, तर चार टायरच्या एक्सलवर 2018 पासून 11.5 टनांपर्यंत भार कायद्याने चालतो, आपण त्यावर किती टाकता हे आपण आणि आपला काटा जाणोत. खरे सांगायचे तर यात मिस्त्रीला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याच्या डोक्याशी उभे राहून शेठ म्हणतो, "जेवाच्या आंदी गाडी सोडून दे बावा", त्याने डायल गेज कुठून आणावा? तो बापडा हाताने चाक हलवून पाहतो आणि म्हणतो, "काई होत नाई भाऊ, चालू द्या." त्याच्या मजुरीतून आपण गेजचे भाडेही कापून घेतले असते.

सगळे जोडून झाल्यावर गिअर ऑईल भरताना गाडी उतारावरच असू द्यावी. सपाट जागी उभी करून लेव्हलच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल भरणे, थोडी चालवून हबमध्ये तेल उतरल्यावर पातळी पुन्हा पाहणे, हे वेळखाऊ काम आहे. डबा उपडा करावा, सांडेपर्यंत ओतावे आणि प्लग लावावा. जादा तेल आपली वाट आपण शोधेल. आणि निघताना दुसऱ्या बाजूचे चाक पाहू नये. तिकडचे सीलही त्याच हाऊसिंगचे, त्याच तेलाचे आणि त्याच बुजलेल्या ब्रीदरचे आहे, त्यामुळे संक्रांतीपर्यंत ते आपोआप आपल्याला मिस्त्रीच्या दारात घेऊन येईल.