ईस्टरला पोरांच्या हातात अंड्याआधी मसाल्याची पुडी द्या

ईस्टर जवळ आला की आमच्या संडे स्कूलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सशांची चित्रं धडाधड यायला लागतात. रंगवा, कापा, चिकटवा. माझं सशाशी काही वैर नाही. अंड्याला तर अर्थही आहे. जुन्या काळी उपासाच्या चाळीस दिवसांत अंडी वर्ज्य असायची, म्हणून ईस्टरला ती हौसेनं खायची. पूर्वेकडच्या मंडळ्यांत आजही ती तांबडी रंगवतात. पण आमच्या बेळगावकडच्या घरांत चाळीस दिवस बंद असतं ते मटण. अंड्याची ती ओढ पोरांना कुठून कळणार?

आमची पोरं घरात मराठी बोलतात, शाळा इंग्रजी नाहीतर कन्नड. पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं मराठी वाचताना ती अडखळतात आणि अर्थ लागेपर्यंत गोष्ट पुढं निघून गेलेली असते. म्हणून हाताला काम दिलेलं बरं, हे सगळ्या पालकांना पटतं. वाद आहे तो कुठलं काम, यावर.

माझं म्हणणं असं : येशूला वधस्तंभावर मारल्यानंतरच्या रविवारी पहाटे त्याच्या कबरेकडं निघालेल्या बायका सण साजरा करायला निघाल्या नव्हत्या. मयताचं अर्धं राहिलेलं काम पुरं करायला निघाल्या होत्या. हे पोरांना उमगलं नाही, तर रिकामी कबर म्हणजे उशीखाली लपवलेल्या चॉकलेटसारखी आधीच ठाऊक असलेली गंमत होऊन बसते.

म्हणून आम्ही सुरुवात गुड फ्रायडेला करतो. उपासना संपली की पोरं थांबतात. खलबत्त्यात दालचिनी, लवंग, वाळा कुटायचा. येशूला मूठमाती देताना त्याचा शिष्य निकदेमानं गंधरस आणि अगरू ही सुगंधी द्रव्यं आणली, ती आजच्या हिशेबानं ३३ किलोच्या आसपास भरतात, हे नुसतं सांगून भागत नाही. २५ किलोचं तांदळाचं पोतं समोर ठेवून उचलायला सांगितलं, तेव्हा कुठं डोळे मोठे झाले. मग मयताच्या जागी एका ओंडक्याला जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळायच्या, मध्ये मसाला भरत. घाईघाईनं, कारण सूर्य मावळला की यहुद्यांचा शब्बाथ सुरू, मग कामाला हात लावायचा नाही. मी मुद्दाम मध्येच थांबवते.

"टीचर, अजून पाय राहिल्यात की!"

"राहू देत."

"मग उद्या करतो."

"उद्या पण नाही. परवा."

उरलेला मसाला ज्यानं त्यानं पुडी बांधून घरी न्यायचा. आवारात विटा रचून, त्यावर खानापूरची तांबडी माती लिंपून कबर केलेली असते. ओंडका आत ठेवायचा आणि तोंडाला जुन्या जात्याची तळी लावायची. ती पोरांना हलत नाही. पोरं हिरमुसून घरी जातात, जाऊ देत.

शनिवारी काहीच नाही. "निदान एखादं चित्र तरी द्या" असं आया म्हणतात, मी देत नाही.

लहान जिवांना मरण कशाला दाखवायचं, असं काहीजण विचारतात. अहो, ही पोरं आजोबांच्या मातीला येऊन गेलेली आहेत. त्यांना मरण ठाऊक आहे, त्यावर बोलायला कुणी बसत नाही एवढंच. मात्र लाकडी वधस्तंभात खिळा ठोकायला लावून "हे माझं पाप" म्हणवून घेण्याचा प्रकार मला मुळीच पटत नाही. सहा वर्षांच्या पोराचं पाप ते काय, शेजारच्याची पेन्सिल!

एक बिनखर्चाचं काम म्हणजे चंद्र बघणं. ईस्टर २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेमागून येणाऱ्या रविवारी असतो. म्हणजे आपल्याकडं बहुतेक वेळा होळीची नाहीतर हनुमान जयंतीची पौर्णिमा सरली की तो येतो. यहुद्यांचा वल्हांडण सणही पौर्णिमेलाच, त्यामुळं येशूला धरलं त्या रात्री, गेथशेमाने बागेत शिष्य झोपी गेले तेव्हा वर जवळजवळ पूर्ण चंद्र होता. गच्चीवर एवढं दाखवलं तरी पुष्कळ.

रविवारी पहाटे पोरं पुड्या घेऊन येतात. तळी बाजूला सारलेली असते. आत नुसत्या पट्ट्या, आणि डोक्याचा रुमाल वेगळा, नीट गुंडाळून ठेवलेला, योहानानं शुभवर्तमानात लिहिलंय तसा. मोठी पोरं हसतात, त्यांना ओंडका कुणी काढला ते माहीत असतं. धाकट्यांपैकी एकीनं मात्र पुडी पुढं धरून विचारलं, "टीचर, मग हे आता कुणाला द्यायचं?"

मी उत्तर दिलं नाही. त्या बायकांना तरी तेव्हा कुठं सुचलं असेल? दुसरा शुभवर्तमानकार मार्क तर सांगतो, त्या थरथरत पळत सुटल्या.

यंदा एक काम वाढवायचं आहे. योहानाच्या २१व्या अध्यायात उठलेला येशू किनाऱ्यावर निखारे पेटवून शिष्यांना मासळी आणि भाकरीची न्याहारी देतो. तेच आपण आवारात करू. शेगडी आणि कोळसा मी आणते, भाकऱ्या महिला मंडळाकडं. शनिवारी संध्याकाळी बांगडे आणून साफ करून ठेवायला दोघंजण हवेत, आणि ते काम या वेळी आयांच्या गळ्यात न पडता बाप्यांनी घ्यावं.