नदी गायब करायचा लंडन पॅटर्न
तुमच्या शहरात एखादी छोटी नदी असेल आणि ती रोज डोळ्यात खुपत असेल तर टेन्शन घेऊ नका, लंडनवाल्यांनी हे काम कधीच करून दाखवलंय. त्यांची फ्लीट नदी. हॅम्पस्टेडच्या टेकडीवरून निघायची, किंग्ज क्रॉस, क्लार्कनवेल, फॅरिंग्डन करत ब्लॅकफ्रायर्सपाशी थेम्सला मिळायची. अजूनही मिळते म्हणा, फक्त दिसत नाही.

सुरुवात घाणीपासून करायची आणि घाई अजिबात करायची नाही, याला पिढ्या जाव्या लागतात. स्मिथफील्डचे खाटीक आतडी-बितडी सोडायचे, कातडी कमावणारे त्यांचं पाणी सोडायचे, घरोघरचं होतंच. १२९० च्या सुमारास काठावरच्या मठातल्या साधूंनी तक्रार केली की या वासापुढे आमच्या धुपाचं काही चालेना. असे अर्ज फेकू नका हं, नीट फायलीला लावा, पुढे ‘लोकांचीच मागणी होती’ म्हणायला उपयोगी पडतात.

मग एकदा सुशोभीकरण. त्याशिवाय गाडायला मजा नाही. लंडनच्या १६६६ च्या मोठ्या आगीनंतर क्रिस्टोफर रेन आणि रॉबर्ट हूक या आर्किटेक्ट मंडळींनी खालच्या टप्प्याचा झक्कास कालवा केला, दोन्ही बाजूला धक्के, थेट व्हेनिसच. आता वरून येणारी घाण आधी बंद करायची का? छे, काहीतरीच! कालवा गाळाने भरला आणि १७३३ पासून होल्बर्नकडचा तुकडा झाकायला घेतला, १७३७ मधे त्यावर मार्केट सुरू. राहिलेला तुकडा १७६० च्या दशकात ब्लॅकफ्रायर्स पुलाच्या वेळी उरकला. नदी गेली, गाळे आले, सगळे खूश.

पाणी कुठे गेलं असं कोणी विचारलं तर विषय बदला, कारण ते कुठेच गेलेलं नसतं. १८४६ मधे किंग्ज क्रॉसजवळ झाकलेल्या नदीत गॅस साचून स्फोट झाला. १८६२ मधे जगातल्या पहिल्या भुयारी रेल्वेचं काम चालू असताना भिंत फोडून सगळा मैला खोदकामात शिरला, तरी जानेवारी १८६३ ला गाडी सुरू झालीच, तेव्हा एवढंतेवढं मनावर घ्यायचं नाही. आणि नदी झाकली तरी तिची दरी राहतेच की, होल्बर्नचा चढ चढताना घोड्यांना फेस यायचा, म्हणून १८६९ मधे होल्बर्न व्हायाडक्ट बांधला, उद्घाटनाला खुद्द राणी व्हिक्टोरिया. म्हणजे नदी गाडून सव्वाशेहून जास्त वर्षं झाल्यावर तिच्यावर पूल! दोन टेंडरं निघाली की नाही एका नदीत?

नाव मात्र ठेवा, नावाला पूररेषा नसते. नदीवरून नाव पडलेला रस्ता, फ्लीट स्ट्रीट घ्या. १७०२ मधे इंग्लंडचा पहिला रोजचा पेपर, डेली कुरंट, इथल्याच जुन्या फ्लीट पुलाजवळ निघाला, मग छापखानेच छापखाने, १९८० च्या दशकापासून पेपरवाल्यांनी तिथून बिऱ्हाड हलवलं तरी तिकडच्या पत्रकारितेला अजून फ्लीट स्ट्रीटच म्हणतात. नदी नाही, पेपर नाहीत, नाव एकदम जोरात.

हेरिटेज हवं असेल तर तेही मिळतं. क्लार्कनवेलला रे स्ट्रीटवर एका पबसमोर रस्त्यात लोखंडी जाळी आहे, गाड्यांचा आवाज थांबला की वाकून कान द्यायचा, खाली पाणी पळताना ऐकू येतं. लोक मुद्दाम जाऊन ऐकतात. नाकाचं ज्याने त्याने बघावं. तिकडे वर हॅम्पस्टेडला याच नदीचे ओढे अडवून केलेल्या तळ्यांत लोक आजही मस्त पोहतात, तेव्हा एक टिप, नदी गाडायची ती नेहमी खालच्या अंगाची, घर घ्यायचं ते वरच्या.

आता खर्चाचं. बॅझलगेट नावाच्या इंजिनिअरने १८६० च्या दशकात मोठ्या गटारांचं जाळं टाकून फ्लीट त्यात अडवली, पण जोराचा पाऊस झाला की पावसाचं पाणी आणि मैला मिळून ब्लॅकफ्रायर्सला थेम्समधे उतरायचंच. म्हणून मग थेम्सच्या खालून २५ किलोमीटरचा नवा बोगदा, २०२५ मधे पूर्ण जोडला, खर्च साडेचारशे कोटी पौंडांच्या आसपास, वसुली थेम्स वॉटर या पाणी कंपनीच्या ग्राहकांच्या बिलातून. त्यामुळे तुमच्या प्रोजेक्टच्या बजेटमधे हा आकडा बिनधास्त टाकू नका, तो ज्यांच्या बिलात येणारे त्यांचे पणजोबासुद्धा अजून जन्मलेले नाहीत.