किल्ली एकदाच दाखवतात

परवा जुनी एपीआय की, म्हणजे आपल्या प्रोग्रामने दुसऱ्याची सेवा वापरायचा पासवर्ड, बदलायची होती. (‘की’ हा शब्द मराठीत लिहिणं हाच एक वैताग, म्हणून पुढे किल्लीच म्हणते.) टर्मिनलवर, म्हणजे संगणकाला लेखी हुकूम द्यायच्या खिडकीत, एक ओळ टाकली, पन्नासेक अक्षरांची नवी किल्ली छापून आली. खाली दम: पुन्हा दिसणार नाही, आत्ताच जपून ठेवा.

तेवढ्यात बेल. शेजारचे काका, बँकेतून निवृत्त, वायफायचा पासवर्ड मागायला. कुणी आलं की स्क्रीनवर ‘क्लिअर’ मारायची मला सवय. मारलं. किल्ली गेली.

“काय गं, तोंड का उतरलं?”

“किल्ली हरवली, काका.”

काकांनी आधी कडीकडे पाहिलं, मग गुडघा धरत वाकून सोफ्याखाली. कसली किल्ली ते सांगितल्यावर सोफ्यावर बसले. ते बसले म्हणजे अर्धा तास गेला.

“डुप्लिकेट कुठंय?”

“नसते. देणाऱ्यांकडेही फक्त तिचा ठसा असतो. आपण किल्ली दिली की ठशाशी जुळवून बघतात.”

“म्हणजे कुलूपवाल्याकडेच किल्ली नाही?” काका खरोखर दुखावले. “आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या. एक माझ्याकडे, एक ऑफिसरकडे. दोघं आल्याशिवाय दार हलायचं नाही. डुप्लिकेट सीलबंद पाकिटात दुसऱ्या शाखेत. तू एकटीच? सही नाही? रजिस्टर?”

रजिस्टर आहे म्हटलं आणि मूर्खासारखी बॅशची हिस्टरी, म्हणजे टर्मिनलवर टाकलेल्या हुकुमांची नोंदवही, उघडली. गेल्या महिन्यात ‘एक्स्पोर्ट’ या हुकुमाच्या ओळीत चिकटवलेली किल्ली तिथे अख्खी पडलेली. ओळीआधी एक स्पेस दिली असती, आणि हिस्टकंट्रोल या सेटिंगमध्ये इग्नोरस्पेस असतं, तर नोंद झाली नसती. एवढ्याशा रिकाम्या जागेवर सगळी सुरक्षा! हवी ती किल्ली क्षणात गायब, नको ती महिनाभर मुक्कामाला.

काकांनी चष्मा नाकावर ओढला आणि खड्या आवाजात सुरू केलं, “एस… के… डॅश… चार… हा ओ आहे की शून्य गं?”

“काका, वाचू नका!” दार सताड उघडं, जिन्यात दूधवाला.

ते गेल्यावर दुसरी किल्ली काढली आणि आधीच्या पुसायला बसले. यादीत नावं मीच दिलेली: टेस्ट, टेस्ट२, टेस्टनवी. पुढे फक्त शेवटची चार अक्षरं. टेस्ट२ उडवली. टूलने “नक्की?” विचारलं, मी वाय दाबलं. दोन मिनिटांत फोन, सर्व्हर सगळ्यांना ४०१, म्हणजे ‘ओळख पटत नाही’, देतोय. चालू किल्ली तीच होती. बाई गं, ही आत्ताच वापरात होती, एवढं एक वाक्य त्या यादीत छापायला काय पैसे पडत होते? “नक्की?” तेवढं विचारता येतं. रात्री नऊपर्यंत निस्तरत होते, वर ‘असं का झालं’ याचा दोन पानी अहवाल मीच लिहायचा.

साडेनवाला काका पुन्हा दारात. हातात खाकी लिफाफा, लाखेची कांडी आणि मेणबत्ती. “ती अक्षरं लिहून यात घाल. आमच्या कपाटात राहील. इथे सही कर.”

वाद घालायचं त्राण नव्हतं. चिठ्ठी घातली, लाख लावली, सही केली. काका समाधानाने गेले.

आत वायफायचा पासवर्ड आहे. तो मागायला ते उद्या परत येतील.