मासे अजून यायचेत

रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याची, पोवळ्यांची टाकी, या प्रकरणात मासे सगळ्यात शेवटी येतात. आधी काच येते, मग दगड, मग वाळू, मग मीठ, मग यंत्रं, मग यंत्रांच्या वायरी, मग त्या वायरी कुठून न्यायच्या यावरचं भांडण, मग डोळ्यांना न दिसणारे जिवाणू आणि त्यानंतर डोळ्यांना फारच दिसणारं शेवाळ. घर एवढ्यातून तावून सुलाखून निघालं की मग मासा. तोही एखाददुसरा.

टाकी मी लहान घेतली, ६०-७० लिटरची. ‘सुरुवात आहे, लहानच बरी’ हा ठराव घरात एकमताने मंजूर झाला होता. समुद्राचा हिशोब मात्र उलटा असतो. पाणी भरपूर असेल तर बारीकसारीक गडबड त्यात जिरून जाते. थोड्या पाण्यात काहीच जिरत नाही. दुपारी खोली तापली की तापमान चढतं, रात्रीपर्यंत पाणी उडालं की खारेपणा चढतो, आणि एखादी गोगलगाय दगडामागे गुपचूप वारली की अमोनिया चढतो. जाणकार मंडळी ही माहिती अगदी आपुलकीने देतात, फक्त टाकी घरी आल्यानंतर देतात.

पहिला अडथळा पाण्याचा. नळाचं पाणी चालत नाही, त्यात क्लोरीन असतो, फॉस्फेट असतं, सिलिकेट असतं, कधी पाइपातलं तांबंही असतं, आणि तांब्याने कोळंबी-गोगलगायींचा कारभार आटोपतो. म्हणून ते आधी आरओतून काढायचं, मग उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनमधून, आणि पाण्यात विरघळलेलं मोजणाऱ्या टीडीएस मीटरने शून्य दाखवलं की मगच ते पाणी म्हणायचं. मी मीटर बुडवून शून्य आल्याचा आनंद साजरा करत होते, तेवढ्यात सासूबाईंनी तो माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या प्यायच्या पाण्याच्या तांब्यात बुडवला. आकडा तीन अंकी आला.

“हे कोण पितं?”

“आपण.”

“आणि ते शून्यवालं?”

“मासे.”

त्यांनी रिकाम्या टाकीकडे पाहिलं. “कुठायत मासे?”

“अजून यायचेत, आई.”

हे वाक्य पुढे मला इतक्या वेळा म्हणावं लागलं की दाराची बेल वाजली तरी तोंडातून तेच निघायचं.

मग मीठ. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पण स्वयंपाकघरातलं मीठ इथे कुचकामी, कारण समुद्रात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, स्ट्रॉन्शियम अशी बरीच मंडळी नांदत असतात. तेव्हा या सगळ्यांचं तयार मिश्रण आणायचं, बादलीत घुसळायचं आणि खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने तपासायचं. काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचं, उजेडाकडे तोंड करून एक डोळा मिटायचा. निळा आणि पांढरा रंग जिथे भेटतात तिथला आकडा, म्हणजे साध्या पाण्याच्या तुलनेतली घनता, १.०२५ ते १.०२६ च्या दरम्यान हवा. माझं लग्न झाल्यापासून सासूबाई माझ्या हातच्या मिठावर मतं देत आल्या आहेत. या घरात मिठाचा वाद यंत्राने मिटण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनीही एक डोळा मिटून पाहिलं, आणि विचारलं, “हे स्वयंपाकात चालतं का गं?” प्रश्न वाटतो तितका निरागस नव्हता.

पाणी उडतं, मीठ उडत नाही. त्यामुळे पातळी उतरली की खारं नव्हे, गोडं पाणी घालायचं. ही गोष्ट नवऱ्याला पटायला वेळ लागला. तो शिकलेला माणूस आहे, वाफ कशी होते हे त्याला माहीत आहे, पण ‘समुद्रात गोडं पाणी ओतायचं’ हे त्याच्या तत्त्वात बसेना. शेवटी मी त्याला टाकीच्या कडेवर आणि वायरींवर साचलेली पांढरी पुटं दाखवली. त्यावर त्याने “म्हणजे मीठ बाहेर चाललंय, तर मग मीठच घालायला नको का?” असा बिनतोड मुद्दा काढला. तेव्हापासून पाणी घालायचं काम त्याच्याकडे नाही, पुटं पुसायचं आहे.

वाळू अरागोनाइटची, म्हणजे पोवळ्याशिंपल्यांच्या चुन्याची. ती टाकली आणि पंप सुरू केला की टाकीत काहीही दिसत नाही. दगड त्याआधीच रचलेले. ते असे रचायचे असतात की कुणी रचलेत असं वाटता कामा नये. आमच्याकडे एक पूर्ण संध्याकाळ यावर गेली. मुलाला कमान हवी होती, नवऱ्याला गुरुत्वमध्याची चिंता होती, मला गुहा हव्या होत्या आणि सासूबाईंचं म्हणणं होतं की दगड जसे पिशवीतून पडले होते तसेच चांगले दिसत होते. हे शेवटचं मत बरोबर होतं, पण तोवर दगड हलवून झाले होते.

लाटांसाठी वेव्हमेकर नावाचा पंखा लागतो. त्याची किरकिर ऐकून मला अ‍ॅना थिन या बाईंची आठवण होते. १८४६ साली त्यांनी इंग्लंडातल्या टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत पोवळी लंडनला नेली आणि घरात जगवली. तेव्हा पंप कुठला? पाण्यात हवा मिसळावी म्हणून उघड्या खिडकीपाशी ते या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहावं लागे. हे काम त्यांची मोलकरीण करायची आणि तिला त्यात मौजच वाटायची, असं बाईंनी लिहून ठेवलंय. मोलकरणीने लिहिलं असतं तर मी तेही आवडीने वाचलं असतं.

आता खरी कसोटी. टाकी भरली, दिवे लागले, पंप घुमतोय, आणि पुढचे चार ते सहा आठवडे आत काहीही सोडायचं नाही. याला टाकी ‘सायकल’ होणं म्हणतात. पाण्यात अमोनिया घालायचा, मग एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात. पहिली दोन रूपं माशांना विषारी, तिसरं बरंच सुसह्य. जिवाणू दगडांवर वस्ती करेपर्यंत आपण बसायचं. पाहुणे येतात, कौतुकाने वाकतात आणि विचारतात.

“मासे कुठे आहेत?”

“अजून यायचेत. सध्या जिवाणू आहेत.”

“कुठे?”

“दगडावर.”

“दिसत नाहीत.”

“नाहीच दिसत.”

शेजारचे काका बराच वेळ वाकून पाहत राहिले, मग सरळ होऊन म्हणाले, “छान वाढलेत.” असा शेजार नशिबाने मिळतो.

या काळात करमणुकीला टेस्ट किट असतं. नळीत पाणी, त्यात थेंब, हलवा, थांबा, मग छापील पट्टीवरच्या रंगाशी ताडून पाहा. पिवळा म्हणजे अमोनिया शून्य, हिरवट म्हणजे आहे. मधल्या छटेला काय म्हणायचं हे पट्टी छापणाऱ्यालाही ठाऊक नसावं. आम्ही खिडकीत उभे राहून मतदान घ्यायचो. नवऱ्याला पिवळा दिसायचा, मला पोपटी, मुलाला ‘पिवळा, पण मनात हिरवा’. सासूबाई चष्मा लावून पाहायच्या, काढून पाहायच्या आणि त्यांचा रंग कुणाच्याच रंगाशी जुळायचा नाही.

टाकी सायकल झाल्यावर ती सुंदर दिसू लागेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तिला तपकिरी खाज सुटली. हे डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल. पाण्यातल्या सिलिकेटवर जगतात आणि ते संपलं की आपोआप जातात. ते गेले, शेवाळाचे हिरवे केस आले. केस उपटले, लालसर साय आली, तिला सायनोबॅक्टेरिया म्हणतात. नवीन टाकीला या अवस्थेतून जावंच लागतं, आणि जाणकारांचा सल्ला काय? एक म्हणतात पाणी बदलत राहा, दुसरे म्हणतात हात लावू नका. दोघांच्याही टाक्या सुंदर आहेत, हे जास्त त्रासदायक.

सफाईला गोगलगायी आणि शंखातले खेकडे आणले. गोगलगायी कामसू निघाल्या. खेकड्यांना मात्र वाढत्या अंगाला मोठा शंख लागतो, आणि मोठ्या शंखात सध्या कोण राहतं याची ते फारशी पर्वा करत नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी रिकामे शंख आजूबाजूला टाकून ठेवावे लागतात. आम्ही ठेवले. एका खेकड्याने सगळे घालून पाहिले आणि पहिल्याच शंखात परत गेला.

एका जाणकाराने प्रेमाने जिवंत दगडाचा, म्हणजे जीवजंतू वस्तीला असलेल्या दगडाचा, तुकडा दिला. त्यातून न बोलावलेले आले. रात्री लाल टॉर्च मारला तर केसाळ किडे सरपटताना दिसले. दिसायला भयंकर, पण उरलंसुरलं खाऊन टाकणारे गरीब जीव. त्यांना हाताने धरायचं नाही एवढंच, केस बोटांत रुततात. खरा शत्रू दिसायला नाजूक होता. काचेसारखं पारदर्शक, झुपकेदार, इवलंसं फूल. मुलगा म्हणाला, “आई, फुकट अ‍ॅनिमोन!” अ‍ॅनिमोन म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्रातला प्राणी, आणि याचं नाव आयप्टेशिया. ते तोडलं तर उरलेल्या तुकड्यांतून नवी उगवतात. फुकट होतं, हे खरं.

मग पोवळी. नवशिक्याने झेनिया, मशरूम अशी मऊ जात घ्यावी. सासूबाईंना झेनिया फार आवडली, ती पंजे उघडत-मिटत असते.

“झाड गोड आहे.”

“प्राणी आहे तो, आई.”

“खातो काय?”

“उजेड.” खरं तर त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न करतं आणि त्यातलं बरंचसं यजमानाला देतं. सासूबाईंनी हे लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, “म्हणजे घरात राहतो तो कमावून देतो.” मुलगा तिथून उठून गेला.

आणि अखेर मासे! दोन क्लाउनफिश. त्यांच्याकरता म्हणून दगडात केलेल्या गुहा, कपारी, झेनियाचं बन, सगळं नाकारून दोघांनी हीटरमागचा कोपरा पसंत केला. दिवसभर तिथेच अंग घुसळत असतात. समुद्रात ते अ‍ॅनिमोनमध्ये राहतात, पण खरं अ‍ॅनिमोन नव्या टाकीत घालू नये म्हणतात, ते चालत सुटतं आणि वेव्हमेकरमध्ये शिरतं.

क्लाउनफिश सगळे नर म्हणूनच आयुष्य सुरू करतात. जोडीत जो वरचढ ठरतो तो मादी होतो, आणि मग परतीची वाट नाही. मी हे सांगितल्यावर घरात क्षणभर शांतता झाली. मग सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे घरात ज्याचं चालतं, ती बाई. बरोबरच आहे की.” नवरा पुटं पुसत होता, पुसतच राहिला.

क्लीनर कोळंबी, म्हणजे माशांची अंगं साफ करणारी कोळंबी, आल्यावर एका सकाळी सासूबाईंनी मला हाक मारून उठवलं. “अगं, गेली गं ती.” वाळूवर कोळंबी आडवी, मिशांसकट, पांढरी पडलेली. सगळे टाकीभोवती जमले. नवऱ्याने तिच्याविषयी दोन चांगले शब्दही काढले. तेवढ्यात दगडामागून कोळंबी बाहेर आली, स्वतःच्या टाकलेल्या कातीवरून चालत गेली आणि अन्न मागू लागली. वाढायला कात टाकावीच लागते तिला. मिशांच्या टोकापर्यंत अखंड उतरवते, त्यामुळे ओळखू येत नाही.

गावाला जायचा प्रश्न निघाला तेव्हा मी सूचनांचा कागद लिहायला घेतला. तो लांबत चालला. वीज गेली तर बॅटरीचा एअर पंप, किती गोडं पाणी, किती अन्न, पाण्यातली घाण फेसातून काढणाऱ्या स्किमरचा कप कधी धुवायचा, पोवळ्यांना सांगाडा बांधायला लागणारी अल्कलिनिटी कशी मोजायची. सासूबाईंनी कागद दुमडून ठेवला आणि म्हणाल्या, “तुम्ही जाऊन या. मी आहे.” आम्ही गेलो. दुसऱ्या दिवशी फोन.

“कोळंबीने कात टाकलीये, घाबरू नकोस. मीठ बरोबर आहे. पण अल्कलिनिटी ७.८ आलीये. निघताना तू मला ८.४ सांगितली होतीस.”

“पोवळी वापरतात ना आई, उतरते थोडी.”

“दोन दिवसांत एवढी? मी दोनदा मोजली.” पलीकडे थोडा वेळ वेव्हमेकरचीच किरकिर. मग: “तू नीट मोजली होतीस ना गं?”