युरोपात उतरलं की सरकार पोसतं? आधी हातातला कागद दाखवा

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दोन महिन्यांनी एक फॉरवर्ड उगवतो: "युरोपात कुणीही जा, उतरल्या दिवसापासून घर, दवाखाना आणि महिन्याचा पगार फुकट. तिथल्या लोकांना मात्र ठेंगा." परवा तो पुन्हा आला, खाली काकांचा अंगठा. म्हणून एकेक घेतो.

"कुणीही जा." भाचा 2023 मध्ये ब्रिटनमध्ये लीड्सला शिकायला गेला. त्याच्या निवास-कार्डावर चक्क 'नो पब्लिक फंड्स' असं छापलेलं होतं. म्हणजे कर भरायचा, पण युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांना सरकारी मदत), घरभाड्याची मदत, मुलांचा भत्ता यातलं काही मागायचं नाही. नोकरीच्या व्हिसावर गेलेल्यांनाही कायम वास्तव्याचा परवाना मिळेपर्यंत हेच. जर्मनीत तर विद्यार्थ्याला 2024 पासून 11,904 युरो गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात. दरमहा 992 युरो हातात येतात खरे, पण ते बापाचेच! फ्रान्समध्ये किमान उत्पन्नाची मदत हवी, तर युरोपीय संघाबाहेरच्या माणसाकडे साधारणपणे पाच वर्षं कामाच्या हक्कासह परवाना असावा लागतो. बाहेरच्यांचं सोडा, नोकरीच न शोधणाऱ्या, संघातल्याच दुसऱ्या देशाच्या नागरिकाला मदत नाकारता येते, असं युरोपीय न्यायालयाने 2014 मध्ये लाइपझिगच्या खटल्यात सांगितलं.

"दवाखाना फुकट." ब्रिटनच्या व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो. 2024 पासून नोकरदाराला वर्षाला 1,035 पौंड, विद्यार्थ्याला 776. पगारातला कर वेगळाच.

"महिन्याचा पगार." फॉरवर्डवाल्याच्या डोळ्यासमोर बहुधा आश्रय मागणारे आहेत. त्यांना मदत मिळते, नाही कशाला म्हणू? पण किती? ब्रिटनमध्ये स्वतः रांधून खाणाऱ्याला आठवड्याला 49.18 पौंड, आणि पहिलं वर्षभर सहसा काम करायला बंदी. स्वीडनमध्ये एकट्या माणसाचा 71 क्रोनर रोजचा दर 1994 पासून तीस वर्षं हलला नाही. जेवण छावणीत असेल तर 24 क्रोनर. जर्मनीतला 1993 चा दर इतका गोठला होता, की 2012 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो माणसाच्या प्रतिष्ठेला अपुरा ठरवला.

"तिथल्यांना ठेंगा." 2025 मध्ये जर्मनीत आश्रय मागणाऱ्या एकट्या प्रौढाला महिन्याला 441 युरो, तर नेहमीच्या बुर्गरगेल्डवरच्या, म्हणजे किमान गुजराण्याच्या सरकारी मदतीवरच्या, माणसाला 563. डेन्मार्कने तर 2016 मध्ये आश्रय मागणाऱ्यांकडच्या 10,000 क्रोनरवरच्या चीजवस्तू जप्त करायचा कायदा केला.

एक गोष्ट मात्र खरी. 2025 मध्ये जर्मनीत बुर्गरगेल्ड घेणाऱ्यांत जवळपास निम्मे परदेशी नागरिक होते. त्यात युक्रेनचे लोक बरेच. जून 2022 पासून त्यांना आश्रयाच्या रांगेत न बसवता थेट या योजनेच्या आधीच्या रूपात घेतलं. आश्रय मंजूर झालेल्यांनाही तिथल्यांइतकीच मदत मिळते. हे योग्य की अयोग्य यावर जर्मनीत कडाक्याचा वाद आहे, आणि तो व्हायलाच हवा. पण तो "कुणीही जा"बद्दलचा वाद नाही.

काकांचं शेवटचं अस्त्र: "आपल्या म्युनिकच्या सुमाची नोकरी गेली, तेव्हा तिला दिलेच ना पैसे?" दिले. तीस महिन्यांत किमान बारा महिने वर्गणी भरलेली असली की बेकारी विमा मिळतो. पगाराचे 1.3 टक्के तिचे, तेवढेच मालकाचे. तिच्या पगारपत्रकावर ती कपात दर महिन्याला दिसायची.