पदवी अर्धवट राहिली की आपण ‘झेपलं नाही’ म्हणून मोकळे होतो

कुणी पदवी अर्धवट सोडली की लोक लगेच म्हणतात, ‘झेपलं नसेल.’ इतकी वर्षं शिकवल्यावर मला हे ऐकवत नाही. सोडून गेलेल्यांत हुशार मुलं मी भरपूर पाहिली आहेत.

सुरुवात फार साधी असते. पहिल्या सत्रात एक विषय राहतो. पुढच्या सत्रात तो डोक्यावर असतोच, शिवाय नवे विषय येतात आणि त्यांना नेमका त्याच राहिलेल्या विषयाचा पाया लागतो. वर्गात बसून काही कळत नाही, म्हणून तास बुडतो. तास बुडाला की आणखी कळत नाही. त्यात फीचा हप्ता थकला तर नोकरीचे तास वाढवावे लागतात आणि ते नेमके तासिकांवर येतात. ‘एक सत्र थांबतो’ म्हणून गेलेला मुलगा सहसा परत येत नाही. कर्ज काढलेलं असेल तर पदवी नाही आणि हप्ते मात्र चालू! घरात पहिल्यांदाच कुणी विद्यापीठात गेलं असेल, तर मुदत मागता येते, शाखा बदलता येते, हेसुद्धा सांगणारं कुणी नसतं.

व्हिन्सेंट टिंटो या अभ्यासकाने १९७५ मध्येच मांडलं होतं की अभ्यासात आणि माणसांत रुजलेला विद्यार्थी टिकतो. आपण मात्र जाणाऱ्याकडून एक अर्ज भरून घेतो. कारणाच्या रकान्यात तो ‘वैयक्तिक’ लिहितो, आणि फाईल बंद!

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये ‘एसॅप’ हा कार्यक्रम सुरू केला. फीतली उरलेली तूट, प्रवासाचा पास, पुस्तकं आणि मोजकेच विद्यार्थी सांभाळणारा, नियमित भेटणारा सल्लागार. चिठ्ठ्या टाकून निवडावी तशी मुलं दोन गटांत विभागून त्याची तपासणी झाली. दोन वर्षांची पदवी तीन वर्षांत पूर्ण करणारे ही मदत न मिळालेल्या गटात २२ टक्के होते, मदत मिळालेल्या गटात ४० टक्के. दर विद्यार्थ्यामागे खर्च वाढला, पण पूर्ण झालेल्या प्रत्येक पदवीमागचा खर्च उलट कमी झाला. त्यामुळे ‘पैसे कुठून आणायचे’ हा प्रश्न मला पटत नाही.

सलग दोन आठवडे गैरहजर राहिलेल्या मुलाला विभागातून कुणीतरी फोन करावा. आणि वर्षांनी परतणाऱ्याचे जुने गुण ग्राह्य धरा, त्याला पुन्हा पहिल्या वर्षाला बसवू नका.